बेट फ्लॅटच्या भावात, आणि त्यानंतरचं बिल

वाचकांचे प्रश्न

‘स्वतःचं बेट, फ्लॅटच्या भावात’ अशा जाहिराती मोबाइलवर फिरू लागल्यापासून या सदराकडे एकाच विषयाची पत्रं येताहेत. काही जुळे सोलापुरातून, काही एमआयडीसीतून, आणि बरीचशी थेट उजनी धरणाच्या काठावरून. त्यातली निवडक पत्रं इथे घेतली आहेत. उत्तरं स्थापत्य अभियंता, सनदी लेखापाल आणि बोटींची इंजिनं खोलणारे मिस्त्री अशा तिघांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : मध्य अमेरिकेत पाच एकरांचं बेट दोन कोटींना दाखवतात. पुण्यात मोक्याच्या जागी तेवढ्यात मोठा फ्लॅटही येत नाही. मग हे एवढं स्वस्त का? आणि इथून पैसे पाठवता येतात का ओ?
— टॉवेल कारखानदार, अक्कलकोट रोड

स्वस्त आहे, कारण त्या दोन कोटींत जमीन आणि झाडं सोडून काहीही येत नाही. फ्लॅटच्या किमतीत रस्ता, नळ, वीज, ड्रेनेज, कचऱ्याची गाडी आणि दहा मिनिटांवरचा दवाखाना गुपचूप बसलेला असतो. बेटावर तुम्हीच नगरपालिका, आणि घरपट्टी भरणारेही तुम्हीच.

आता पैशाचं. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर परदेशी पाठवता येतात. डॉलर ९० रुपये धरला तर ते सव्वादोन कोटी झाले. पण ही मर्यादा फक्त बेटासाठी नाही. मुलाची परदेशातली फी, सहल, शेअर, सगळं याच मर्यादेत मोजलं जातं. खरेदी बसली, तरी वॉचमनचा पगार आणि दुरुस्तीचे पैसे दरवर्षी याच दारातून जाणार, हे बहुतेक जण विसरतात.

दुसरी गोष्ट टीसीएसची, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक गोळा करते त्या कराची. एका वर्षात १० लाखांच्या वरच्या रकमेवर, गुंतवणुकीसाठी पाठवत असाल तर, बँक २० टक्के कर आधीच वेगळा घेते. सव्वादोन कोटी पाठवताना २ कोटी १५ लाखांवर म्हणजे ४३ लाख वेगळे भरावे लागतात. हे पैसे बुडत नाहीत. विवरणपत्रात वळते होतात किंवा परत मिळतात. पण तोपर्यंत तुमचं खेळतं भांडवल अडकून बसतं, आणि कारखानदाराला सुताच्या खरेदीच्या हंगामात ४३ लाख अडकणं म्हणजे काय हे आम्ही सांगायला नको.

घरच्या तिघाचौघांच्या नावे पाठवू म्हणाल, तर ज्याचा पैसा त्याचं नाव मालकी कागदात हवं आणि प्रत्येकाचा पॅन लागेल. अशा भांडवली खरेदीसाठी बँकेने कर्ज द्यायचं नाही असा नियम आहे, त्यामुळे घर गहाण टाकून बेट हा मार्ग बंद. विक्रेते ‘निम्मे आता, निम्मे हप्त्याने’ असंही सुचवतात. तो हप्ता परदेशी माणसाकडून घेतलेली उधारी ठरू शकतो. बँकेच्या परकीय चलन विभागाकडून लेखी उत्तर घेतल्याशिवाय बयाणाही देऊ नका.

खरेदीनंतर दरवर्षी विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या अनुसूचीत बेटाची नोंद करावी लागते. त्यासाठी आयटीआर-१ चालत नाही. शिवाय ही नोंद आर्थिक वर्षाची नसून ३१ डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाची असते. इथेच लोक चुकतात. नोंद राहिली तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो, बेटातून एक रुपया उत्पन्न नसलं तरी.

आणि कागद? पनामासारख्या देशात दोन प्रकारचे हक्क विकले जातात. एक नोंदणीकृत मालकी, दुसरा नुसता ताबा हक्क. जाहिरातीतलं बेट फार स्वस्त असेल तर ते बहुधा दुसऱ्या प्रकारचं असतं. वकील विक्रेत्याने सुचवलेला नको. आपला वेगळा करा.

प्रश्न : आमची वाडवडिलांची जमीन उजनीत गेली. धरण भरलं की मधोमध एक टेकाड उरतं, चारी बाजूंनी पाणी. ते आमच्याच जुन्या गटातलं आहे. तिथे चार खोल्या बांधून पर्यटन सुरू करावं म्हणतो. परदेशातल्या बेटापेक्षा हे बरं ना?
— शेतकरी, करमाळा तालुका

बरं आहे, पण ते तुमचं आहे का हे आधी बघा. संपादन गटाचं झालं असेल आणि मोबदला घेतलेला असेल, तर टेकाड बुडालं नाही म्हणून ते तुमच्याकडे परत येत नाही. ताजा सातबारा काढा, नाव कोणाचं आहे बघा, इतर हक्कांत काय लिहिलंय ते वाचा, संपादनाच्या वेळचे फेरफार तलाठ्याकडून मागवा आणि भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन गाळपेर म्हणून मुदतीने कसायला मिळते. तिच्यावर चार खोल्या सोडा, कुडाचं छप्परही हक्काने उभारता येत नाही.

समजा टेकाडाचा तुकडा संपादनातून खरंच सुटला आणि सातबारा तुमच्या नावावर आहे. मग बांधकामाआधी अकृषिक वापराच्या नियमांची पूर्तता आणि पाटबंधारे खात्याचं म्हणणं या दोन पायऱ्या येतात. बाहेरचा भागीदार घेणार असाल तर लक्षात ठेवा, आपल्याकडे शेतजमीन घेणारा शेतकरी असावा लागतो, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी.

आता खरी अडचण, पाण्याची पातळी. उजनी पूर्ण भरली की पातळी ४९६.८३ मीटर असते. उपयुक्त साठा शून्य होतो तेव्हा ४९१.०३ मीटर. फरक ५.८ मीटर, म्हणजे जवळजवळ दोन मजले. आणि सुमारे ११७ टीएमसीच्या या धरणातलं निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठ्यात, म्हणजे या शून्य पातळीच्या खाली, असल्यामुळे ‘उजनी मायनसमध्ये’ ही बातमी आपण उन्हाळ्यात नेहमी वाचतो. तेव्हा पातळी आणखी खाली जाते.

उभ्या फरकापेक्षा आडवा फरक जास्त छळतो. तुमच्या टेकाडाचा उतार ५० मीटरला १ मीटर असेल, तर ५.८ मीटर पाणी उतरल्यावर काठ २९० मीटर मागे सरकतो. दिवाळीत जिथे पाहुणा बोटीतून पायरीवर उतरला, तिथे एप्रिलमध्ये पाऊण गुडघा चिखल असतो. आणि टेकाडाकडची खिंड उथळ असेल तर मे महिन्यात ते बेटच राहत नाही. पलीकडच्या वस्तीवरची जनावरं चालत चरायला येतात. पळसदेवचं बुडालेलं देऊळ बाहेर येतं तेव्हा बघायला गर्दी होते. तुमच्या खोल्या तेव्हा चिखलात उभ्या असतील आणि त्या बघायला कोणी येणार नाही.

म्हणून सिमेंटचा पक्का धक्का बांधू नका. तो वर्षातले चारेक महिने उपयोगी, उरलेले कोरडा. तरंगता धक्का करा. बंद एचडीपीई (जाड प्लास्टिकचे) ड्रम, त्यावर गॅल्व्हनाइज्ड अँगलची चौकट, वर फळ्या. काठाशी जोडणारा पूल बिजागरीवर, आणि अख्खा धक्का पाण्यामागे सरकवता येईल अशा दोन नांगरसाखळ्या. साखळी आखूड ठेवली की पाणी चढल्यावर धक्का एका बाजूने बुडतो. खोलीच्या किमान तिप्पट लांबी ठेवा. उघड्या चिखलावर टाकायला बांबूच्या चटया किंवा जुने कन्व्हेअर बेल्ट लागतात. त्यांचा खर्च कोणाच्या अंदाजपत्रकात नसतो, पण त्यांच्याशिवाय पाहुणा परत येत नाही.

पाया : टेकाडावर काळी माती असेल तर ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खोदा. अर्ध्यावर थांबलात तर पहिल्याच उन्हाळ्यात भिंतीला तिरपी चीर जाते.

संडासाचं पाणी जलाशयात झिरपता कामा नये. सोलापूर शहर हेच पाणी पितं. शोषखड्डा नको. बंद टाकी करा आणि मैला उपसून काठावर न्यायची सोय ठेवा. पाण्याची पातळी पायाजवळ येते तेव्हा साधी शोषटाकी उलटी भरते, हा वेगळाच प्रकार.

आणि वारा. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. उजनी शांत दिसते, पण कित्येक किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून वळवाचा वारा सुटला की मिनिटांत लाटा उभ्या राहतात. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पाहुणे न्यायचे-आणायचे नाहीत, हा नियम लिहून लावा. दुपारी आलेला पाहुणा मुक्कामाला अडकला तर त्याला जेवू घाला. ते स्वस्त पडतं.

प्रश्न : बेटावर गोड्या पाण्याचं काय करतात? चारी बाजूंनी समुद्र असताना विहीर खोदली तर खारंच लागेल ना?
— शिक्षिका, जुळे सोलापूर

लगेच खारं लागत नाही. पावसाचं गोडं पाणी हलकं असतं, ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. बेटाच्या पोटात गोड्या पाण्याचा भिंगासारखा थर तयार होतो. समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी १ मीटर असेल तर खाली साधारण ४० मीटर असतं, असा ढोबळ नियम आहे. नियम उलटाही चालतो. पंप लावून वरची पातळी अर्धा मीटर उतरवली की खालचं खारं पाणी साधारण २० मीटर वर चढतं. लहान बेटावर हा थर मुळातच पातळ. जोरात उपसलं तर विहीर खारट होते आणि गोडी परत यायला पावसाळे जातात. म्हणून बोअर मारत नाहीत. उथळ विहीर, लहान पंप, थोडं थोडं पाणी.

दुसरा मार्ग छपराचा. हिशेब सोपा आहे. १०० चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० लिटर, गळती-उडती धरून ८० लिटर हाती. माणसं सहा (चार तुम्ही, दोन राखणदार), माणशी ८० लिटर, रोज ४८० लिटर. चार महिने पाऊस नाही असं धरलं तर ५७,६०० लिटर साठवण हवी आणि ती भरायला ७२० मिलिमीटर पाऊस. सोलापुरात एवढा पाऊस दर वर्षी पडत नाही. उष्ण कटिबंधातल्या ओल्या बेटांवर पडतो, पण तिथेही टाकी बांधायला माल बोटीनेच येतो. पावसाचं पहिलं एक-दोन मिलिमीटर पाणी बाहेर सोडायची झडप विसरू नका, नाहीतर टाकीत पक्ष्यांची शीट आणि छपरावर बसलेलं मीठ आधी जमा होतं. टाकीचा बाकीचा हिशेब काही दिवसांआड नळ येणाऱ्या शहराला शिकवायची गरज नाही.

तिसरा मार्ग समुद्राचं पाणी गोडं करण्याचा. घरातला आरओ इथे चालत नाही. समुद्राचा टीडीएस सुमारे ३५,००० असतो, त्यासाठी ५५ ते ६५ बार दाबाचा पंप लागतो. शंभर लिटर आत घेतले तर छोट्या यंत्रातून तीस-चाळीस लिटर गोडं मिळतं, बाकी जास्त खारं होऊन बाहेर जातं. ते आत घेण्याच्या नळीपासून लांब सोडा. यंत्र चालवल्याने कमी आणि बंद ठेवल्याने जास्त बिघडतं. मालक दोन महिने आला नाही की मेम्ब्रेनवर (मीठ अडवणाऱ्या पडद्यावर) शेवाळ आणि जंतूंचा थर बसतो. आठवड्याला एकदा गोड्या पाण्याने धुवायचं, महिनाभर बंद राहणार असेल तर सोडियम मेटाबायसल्फाइटच्या द्रावणात भिजवून ठेवायचं. धुवायच्या पाण्यात क्लोरीन नको. ते मेम्ब्रेन खातं. आधीच्या २० आणि ५ मायक्रॉनच्या गाळण्या डझनाने आणून ठेवा.

प्रश्न : सोलर लावलं की विजेचं बिल शून्य, बरोबर?
— वाचक, होटगी रोड

बिल शून्य, खर्च नाही. फ्रीज, पंखे, दिवे, पंप, छोटा आरओ आणि एका खोलीत एसी धरला तर रोज १८ युनिटं लागतात. १ किलोवॉट पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला ४ च्या आसपास युनिटं देतं. कागदावर ५ किलोवॉट पुरतात. ढगाळ दिवस धरून सात-आठ लावा. दोन दिवस सूर्य नसला तर ३६ युनिटं बॅटरीतून हवीत, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटच्या ४० ते ४५ युनिट क्षमतेच्या. लेड-ॲसिड घेतल्या तर निम्म्याच वापरता येतात, मग दुप्पट लागतात, आणि त्यांचं वजन बोटीतून कोण वाहणार?

जनरेटर तरीही हवाच. एक लिटर डिझेलला ३ युनिटं धरा. त्याला फार कमी लोडवर तासन्‌तास चालवू नका. क्षमतेच्या तीस टक्क्यांखाली चालला की अर्धवट जळालेलं इंधन सायलेन्सरमध्ये काळं चिकट होऊन साचतं. दोन दिव्यांसाठी १५ केव्हीएचा सेट चालवणारे हेच करतात. समुद्राकाठी पॅनेलच्या चौकटीचे नटबोल्ट ३०४ नव्हे, ३१६ स्टीलचे घ्या. ३०४ वर वर्षभरात तांबूस डाग दिसतात.

प्रश्न : मी बार्शीत बांधकामं घेतो. बेटावर १,००० चौरस फुटांचं साधं आरसीसी घर बांधायला आपल्या दरापेक्षा किती जास्त धरावं?
— ठेकेदार, बार्शी

दर विचारू नका, टन मोजा. तुमच्याच ठोकताळ्याने सिमेंट ४०० पोती म्हणजे २० टन, लोखंड ४ टन, वाळू १८ ब्रास म्हणजे ८० टनांच्या आसपास, खडी साडेतेरा ब्रास म्हणजे ५८ टन. विटा-ब्लॉक सोडून १६० टनांच्या पुढे गेलात. दोन टन वाहणाऱ्या बोटीने ८० फेऱ्या. ५० टनांचा बार्ज मिळाला तर चार फेऱ्या, पण बार्ज लागायला पुरेसं खोल पाणी हवं, आणि उथळ खडकाळ बेटाजवळ ते भरतीच्या दोन-तीन तासांतच असतं. तोवर ओहोटी लागली तर बार्ज जागेवर टेकतो आणि भाडं चालू राहतं.

प्रत्येक पोतं चार वेळा उचललं जातं. ट्रकमधून धक्क्यावर, धक्क्यावरून बार्जमध्ये, बार्जमधून किनाऱ्यावर, तिथून जागेवर. चौथ्या उचलीपर्यंत पोती फाटतात, आणि खाऱ्या दमट हवेत तीन महिने पडलेल्या सिमेंटची साधारण पाचवा हिस्सा ताकद जाते. एका वेळी महिन्याला पुरेल एवढंच न्या.

किनाऱ्यावरची फुकटची वाळू बघून मोह होतो. ती काँक्रीटमध्ये घालू नका. तिच्यातला क्लोराइड लोखंडावरचा संरक्षक थर फोडतो, गंज चढतो, गंजलेलं लोखंड जागा जास्त व्यापतं आणि आतून काँक्रीट उकलतं. समुद्रकाठी आरसीसीला आयएस ४५६ प्रमाणे किमान एम-३० लागतं, सळईवरचं कव्हर जास्त, आणि मिसळायचं पाणीही गोडं. तेवढं गोडं पाणी कुठून आणणार, ते वरच्या प्रश्नात आलंच. आमचं मत विचाराल तर बेटावर आरसीसीचा नादच सोडा. चांगलं रंधलेलं लाकूड किंवा गॅल्व्हनाइज्ड हलकी चौकट, पायाला तेवढं काँक्रीट, वर पत्रा. वजन निम्म्याहून खाली येतं.

प्रश्न : १८ फुटी फायबरची बोट आणि ४० एचपीचं आउटबोर्ड पुरेल का? मेंटेनन्स काय?
— वाचक, टेंभुर्णी

एक बोट म्हणजे शून्य बोट. ती बेटावर असताना बिघडली की तुम्ही अडकलात, काठावर असताना बिघडली की राखणदार अडकला. दुसरी लहान का होईना, हवी. ४० एचपीचं चार स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगात तासाला १५ लिटरच्या आसपास पेट्रोल पितं. तीन चतुर्थांश वेगात बरंच कमी, म्हणून थ्रॉटल पूर्ण दाबायची सवय मोडा.

दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा इंजिन ऑइल, गिअर ऑइल, प्लग, फिल्टर. गिअर ऑइल दुधासारखं निघालं तर सील गेलंय आणि पाणी आत येतंय. तसंच चालवलं तर पुढचा खर्च गिअरबॉक्सचा. पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर उजनीच्या गाळाने लवकर झिजतो. इंजिनामागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली की थांबा. समुद्रातून आल्यावर दर वेळी गोड्या पाण्याने फ्लश करा. इंजिनाला लावलेले ॲनोड (इंजिनाऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) समुद्रात जस्ताचे, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे, दोन्हीकडे चालायचे तर ॲल्युमिनियमचे. निम्मे झिजले की बदला. समुद्रातले ॲनोड तसेच ठेवून बोट उजनीत उतरवली तर त्यांच्यावर थर धरतो, ते काम करायचं थांबवतात, आणि झिज पंख्याकडे वळते.

यांत्रिक बोटीची नोंदणी आणि तपासणी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे करून घ्या. जॅकेट डोक्यागणिक एक, आणि अंगावर, सीटखाली नव्हे. किल कॉर्ड (चालक पडला तर इंजिन बंद करणारी दोरी) चालकाच्या मनगटाला.

बेटाच्या हिशेबात काठावरची जागाही धरा. गाडी लावायला, इंजिन ठेवायला, पेट्रोलचे कॅन सुरक्षित ठेवायला मुख्य भूमीवर दोन-चार गुंठे लागतात. बेट घेतलं आणि समोरच्या शेतकऱ्याने वाट अडवली, असं झालं तर बेटाची किंमत त्या दिवशी अर्धी होते.

प्रश्न : मला एकच आकडा सांगा. वर्षाला किती?
— निवृत्त बँक अधिकारी, विजापूर रोड

आकडा गृहीतकांवर आहे, ती तपासून तुमची घाला. जमीन २ कोटी, बांधकाम आणि यंत्रं १ कोटी. राखणदार जोडपं महिना ३५,००० प्रमाणे ४ लाख २० हजार. दुरुस्ती बांधकामाच्या ४ टक्के, ४ लाख. आठवड्याला तीन फेऱ्या, फेरीला १५ लिटर, १०५ रुपयांचं पेट्रोल, वर्षाला साधारण २ लाख ४५ हजार. बॅटरी, आरओ, इंजिन मिळून ३० लाखांची यंत्रं दहा वर्षांत बदलायची, म्हणून वर्षाला ३ लाख बाजूला. बेरीज १३ लाख ६५ हजार. विमा, विमानाची तिकिटं आणि चोरी यात नाही.

तुम्ही वर्षात ३० रात्री राहिलात तर रात्रीला ४५ हजार. बँकेतच होतात, म्हणून व्याजही मांडा. ३ कोटींवर ७ टक्के म्हणजे २१ लाख बुडाले. ते धरून रात्रीला सुमारे १ लाख १५ हजार, ३० रात्रींऐवजी दहा राहिलात तर साडेतीन लाख. वर्षाच्या एवढ्या पैशात जगातली बरीच बेटं स्वयंपाक्यासकट आठवडाभर भाड्याने मिळतात. आम्ही भाड्याने घ्या म्हणू.

विम्याबद्दल एकच. वादळी पट्ट्यातल्या विम्यात पहिला भाग तुमच्या माथी असतो, आणि तो बऱ्याचदा ठरावीक रकमेत नसून विमा रकमेच्या टक्क्यांत असतो. १ कोटीच्या विम्यात ५ टक्के म्हणजे पहिल्या पाच लाखांचं नुकसान तुमचंच.

प्रश्न : मालदीव किंवा लक्षद्वीपमध्ये घेता येईल का? केरळात तर बॅकवॉटरमध्ये खासगी बेटं आहेत म्हणतात.
— पर्यटन व्यावसायिक, सात रस्ता

मालदीवमध्ये परदेशी माणसाला जमिनीची मालकी मिळत नाही. रिसॉर्टची बेटं मुदतीच्या भाडेपट्ट्यावर असतात. ‘विकणे आहे’ असं लिहिलेलं असलं तरी विकला जातो तो उरलेल्या वर्षांचा पट्टा. फिलिपिन्स आणि थायलंडमध्येही परदेशी व्यक्तीला जमीन नावावर करता येत नाही. बायकोच्या किंवा स्थानिक कंपनीच्या नावावर करा म्हणणारे भेटतात, त्यांच्यापासून लांब राहा. बहामात घेता येतं, पण दोन एकरांपेक्षा जास्त सलग मोकळी जमीन असेल तर आधी परवाना. कॅनडाच्या नोव्हा स्कोशियात बेटं तुलनेने स्वस्त दिसतात. तिथे बाहेरच्या खरेदीदाराला निवासी मालमत्तेवर १ एप्रिल २०२५ पासून १० टक्के हस्तांतर कर आहे.

लक्षद्वीपला जायलाच परवाना लागतो. स्थानिक आदिवासींची जमीन बाहेरच्याला मिळत नाही. तो विषय सोडा.

केरळात मिळतात, आणि तिथेच सर्वांत सावध राहायला हवं. वेंबनाड तलावातल्या नेडियथुरुथु बेटावर ५४ व्हिलांचं रिसॉर्ट उभं राहिलं होतं. किनारा नियमन क्षेत्राचे नियम मोडले म्हणून ते पाडायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये कायम केला, आणि २०२२ मध्ये पाडकाम सुरू झालं. तिथे पंचायतीची परवानगी होती. म्हणून ‘ग्रामपंचायतीचा दाखला आहे’ एवढ्यावर भुलू नका. राज्याच्या किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाचा नकाशा मागा, भरतीरेषा कुठून जाते ते बघा, आणि बांधकामाला सोडायचं अंतर वजा केल्यावर उरतं किती ते मोजा. लहान बेटावर काही वेळा काहीच उरत नाही.

प्रश्न : स्वतःचं बेट घेतलं तर स्वतःचा देश जाहीर करता येतो का?
— इयत्ता नववी, सोलापूर

नाही. ते ज्या देशाच्या सागरी हद्दीत आहे (किनाऱ्यापासून १२ सागरी मैल), त्याचेच कायदे, कर आणि पोलीस तिथे चालतात. बहुतेक देशांत तर भरतीरेषेखालचा किनाराही तुमचा नसतो. कोणीही होडी लावून तुमच्या घरासमोर भेळ खात बसू शकतो.

प्रश्न : समुद्र वाढतोय म्हणतात. बेट बुडेल का?
— वाचक, मंगळवेढा

१९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली, आणि २००६ ते २०१८ दरम्यान ती वर्षाला ३.७ मिलिमीटरच्या वेगाने वाढत होती. खडकाळ उंच बेटाला तुमच्या हयातीत याचा फार त्रास नाही. प्रवाळाच्या सपाट बेटाला आहे. बुडण्याच्या आधी त्याची विहीर खारट होते, कारण वादळात लाट वरून जाते आणि मीठ खाली झिरपतं. विक्रेत्याला बेटाची सर्वांत जास्त उंची विचारू नका. घराच्या जागेची उंची विचारा, आणि ती कोणत्या पातळीपासून मोजली तेही.

प्रश्न : घेऊन पस्तावलो तर विकता येईल ना?
— वाचक, पंढरपूर

येईल, पण गिऱ्हाईक मोजके असतात. विकेपर्यंत राखणदाराचा पगार थांबवू नका. ओस पडलेल्या बेटावर वर्षभरात छप्पर गळतं, तारा-पंप चोरीला जातात, आणि काही देशांत आत शिरून बसलेल्याला ताब्याचा हक्कही मिळतो.

विक्रीवर तुम्ही भारतात कर भरणारे असाल तर इथेही भांडवली नफा लागतो. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ ठेवलं असेल तर १२.५ टक्के. २३ जुलै २०२४ पासून घेतलेल्या परदेशी जमिनीला महागाई निर्देशांकाची सूट नाही, म्हणजे रुपया घसरल्यामुळे कागदावर दिसणारा नफाही करपात्र. तिकडे कर भरला असेल तर त्याचा दाखला ठेवा, बहुतेक वेळा वजावट मिळते. धक्का, टाकी, सोलर यांच्या मूळ पावत्या पहिल्या दिवसापासून फाइलला लावा. खर्चात त्याच धरल्या जातात. बार्जवाल्याने कच्च्या चिठ्ठीवर घेतलेले पैसे धरले जात नाहीत.